मुंबई ते दुबई, सव्वातीन तास

आमच्या घरात कॉलेज पुरं करणारी मी पहिली. चुलत्यांकडेही माझ्याआधी कोणी नाही. बी.कॉम., फर्स्ट क्लास. हे सांगितलं की काही जणांना फुशारकी वाटते. वाटू दे. बाबा चौथीपर्यंत शिकले, आई सातवीत बसली आणि उठली. त्या घरातून मी जे केलं ते मी केलं, त्यात लाजायचं काय?

पदवी मिळाल्यावर घरात एक नवीन वाक्य आलं. "तिला विचारा." लाईट बिल जास्त आलं, तिला विचारा. डॉक्टरांनी चिठ्ठीवर काय लिहिलंय, तिला विचारा. सातबाऱ्यावर आजोबांच्या नावापुढे कंस का आहे, तिला विचारा. मला उत्तर येत नसलं तरी मी द्यायचे. मोबाईल काढायचा, शोधायचं आणि जे दिसेल ते ठाम आवाजात सांगायचं. "माहीत नाही" म्हणायची मला सवयच राहिली नव्हती. खरं सांगायचं तर मला तसं म्हणणं परवडणारं नाही असं वाटायचं. नाहीतर शिकून उपयोग काय?

घरी आम्ही बोलतो ती आमची वाडीवाल्यांची बोली. ती इथे तशीच लिहिली तर वसईबाहेरच्या माणसाला कळायची नाही, म्हणून सगळ्यांचं बोलणं पुस्तकी मराठीच्या जवळ आणलं आहे. बाबांच्या बोलण्यातली गोडी त्यात थोडी गेली. ते माफ करा.

वसईत सांडोरच्या बाजूला आमची वाडी, म्हणजे बागायत. आजोबांच्या काळात केळी, पानवेल, थोडी भाजी होती. पुढे विहिरीचं पाणी मचूळ व्हायला लागलं, वेली पिवळ्या पडल्या, आणि बाबांनी हळूहळू सगळीकडे सोनचाफा लावला. चाफ्याने आम्हाला जगवलं. माझ्या फीचे पैसे चाफ्याचे आहेत, हे मी कधी लपवलं नाही.

चाफ्याचं फूल एक दिवसाचं. सकाळी पिवळंधमक, दुसऱ्या सकाळी कडेने तपकिरी, नंतर हातात धरवत नाही. म्हणून कुठली कळी तोडायची हे ते कुठे जाणार त्यावर ठरतं. वसईच्या बाजारात जाणार असेल तर पाकळी सुटलेली. दादरला जाणार असेल तर टोक जेमतेम सैल झालेली. आणि लांब जाणार असेल तर पार मिटलेली, बुडाशी हिरवट. तिला बाबा मुकी कळी म्हणायचे. मुकी कळी ओल्या फडक्यात नीट गुंडाळली तर दुसऱ्या दिवशी उमलते. एकदा नागपूरच्या एका लग्नासाठी त्यांनी असा माल रेल्वेने पाठवला होता. मांडवात पेटी उघडली तेव्हा फुलं नुकती डोळे उघडत होती, असं त्या लोकांनी फोन करून सांगितलं. बाबा ती गोष्ट वर्षातून दोनदा तरी सांगायचे. आई म्हणायची, "झालं, नागपूरची गाडी सुटली."

बाबांना गावाचं नाव सांगून चालायचं नाही. कोणी म्हणालं पुण्याला पाठवायचीत, की ते विचारायचे, "हातात पडेपर्यंत किती तास?" एवढंच. तास कळले की काळोखात, नुसत्या बोटाने चाचपून ते बरोबर ती कळी खुडायचे. मला ते आजही जमत नाही. मला टोक सैल आहे की नाही हे बघायला बॅटरी लागते.

दोन वर्षांपूर्वी काकांनी विषय काढला. काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. जमीन दोघांच्या नावावर, एकत्र. काकांच्या वाट्यात आता नुसतं गवत होतं. एक बिल्डर सगळी जमीन मागत होता, अर्धी नको म्हणत होता. काकांचं म्हणणं साधं होतं.

"पाणी खारं झालं. अजून दहा वर्षांनी चाफाही मरेल. तेव्हा फुकट देशील का?"

बाबा म्हणाले, "मरेल तेव्हा बघू."

"तू बघशील. मी असेन का बघायला?"

काका वाईट माणूस नाहीत. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं, मुलगा नालासोपाऱ्याला भाड्याच्या घरात. त्यांना घाई होती आणि ती मला समजत होती. शेवटी ते म्हणाले, "गणपतीपर्यंत थांबतो. तोवर या झाडांवर घर चालतं असं दाखव. पुढे चालेल असं दाखव. मग मी त्या माणसाला नाही म्हणतो, आणि परत विषय काढत नाही."

ही खरी संधी होती. आषाढ चालू होता. हाताशी जेमतेम दोन महिने.

त्याच आठवड्यात माझ्या शाळेतल्या एका मित्राचा फोन आला. आमच्या शेजारच्या आळीतला, ख्रिस्ती घरातला. सहा-सात वर्षं दुबईत होता, एका फुलांच्या दुकानात माल घेण्याचं काम बघायचा. म्हणाला, "अगं, इथे आपल्या लोकांना पूजेला सोनचाफा पाहिजे असतो आणि धड कुठे मिळत नाही. तुझ्या बाबांचा माल पाठव ना. आधी एक पेटी, नमुना म्हणून. मालकाला पटली तर दर आठवड्याला लागेल, बारा महिने."

मी ते घरी सांगितलं तेव्हा आईने हातातलं भांडं खाली ठेवलं. बाबा त्या दिवशी जेवून उठल्यावर वाडीत एक चक्कर मारून आले. पाऊस होता तरी.

मी कामणला एका गोदामात डिस्पॅचला आहे. कुठला ट्रक किती वाजता लागला, किती वाजता भरला, किती वाजता सुटला, हे लिहिणं माझं काम. भिवंडीला जायला रस्ता पाऊण तासाचा, पण माल पोचायला अर्धा दिवस लागतो, हे मी रोज बघते. म्हणजे पुढे जे झालं ते न कळण्याइतकी मी अडाणी नव्हते. पण विमान मी आतून कधी पाहिलं नव्हतं. विमानतळाच्या दारापर्यंतही गेले नव्हते. ट्रक थांबतात, ड्रायव्हर चहा पितात, पावती हरवते; विमानाचं तसं काही नसणार असं मला वाटलं. विमान म्हणजे वेळेवर उडणार आणि वेळेवर उतरणार. बस.

गोदामात येणाऱ्या एका एजंटने कार्गोचं काम घेतलं. कागद कोणते लागतील, औषधाची फवारणी किती दिवस आधी बंद करायची, सगळं सांगितलं. एकूण वेळ किती लागेल हे मी त्याला विचारलंच नाही. डिस्पॅचची बाई हे विचारते म्हटल्यावर तो हसेल, अशी भीती वाटली. मी मोबाईलवर दोन शहरांची नावं टाकली. नकाशावर एक कमान उमटली, समुद्रावरून गेलेली. सरळ अंतर एकोणीसशे किलोमीटरच्या थोडं वर. उड्डाणाचा वेळ, सव्वातीन तास.

मी ते मोठ्याने वाचलं. काका ओट्यावर बसले होते.

"सव्वातीन?" ते म्हणाले. "अरे, पुण्याला टेम्पोने पाच लागतात. म्हणजे दुबई पुण्याच्या अलीकडे आली की! उद्यापासून मी मिसळ खायला दुबईलाच जातो."

सगळे हसले. मीही हसले. दुबई मीच तिथून उचलून वसईजवळ आणून ठेवली असं मला वाटलं.

बुधवारी पहाटे आम्ही तिघं वाडीत गेलो. पाऊस थांबला होता, झाडं टपटपत होती. बाबांच्या हातात आकडीची काठी, आईकडे टोपली, माझ्याकडे बॅटरी. बाबा पहिल्या झाडाखाली उभे राहिले आणि त्यांनी विचारलं.

"हातात पडेपर्यंत किती तास?"

"सव्वातीन. आपण पाच धरू."

ते थांबले. "विमानात चढवायला वेळ नाही लागत? उतरवायला?"

"बाबा, ती काय एसटी आहे का?"

मी हे ज्या आवाजात म्हणाले तो आवाज मला अजून ऐकू येतो. आईने माझ्याकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "नाही, मी आपलं विचारलं." मग त्यांनी हात वर केला आणि पाच तासांची कळी खुडायला सुरुवात केली. टोक सैल झालेली, पुण्याला जाते तशी. मुक्या कळ्या त्याच फांदीवर होत्या. बाबांच्या बोटांना त्या लागत होत्या आणि ते त्या सोडून देत होते. मी बॅटरी धरून उभी होते.

केळीच्या पानावर ओलं फडकं, त्यावर कळ्या, वर परत फडकं. पेटी आईने बांधली. वर हळदीचं बोट लावलं. मी म्हटलं, "तपासणीत विचारतील हे काय म्हणून." ती म्हणाली, "सांग, आई आहे."

टेम्पोत ड्रायव्हरच्या बाजूला मी बसले. कामावर अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती, अर्धा दिवस पुरेल असं मला वाटलं होतं. हायवेवर पाणी भरलं होतं, घोडबंदरच्या तोंडाशीच आम्ही दीड तास उभे. कार्गोच्या गेटवर पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. तिथे टेम्पोंची रांग. एजंट धावत आला, घड्याळ बघत.

"मॅडम, सकाळच्या विमानाची पेटी घेण्याची वेळ गेली. आता आज उशिराच्या विमानाला जाईल. त्याआधी झाडपाल्याची तपासणी, मग मशीनमधून काढतील, मग शेडमध्ये."

"आणि तिकडे?"

"तिकडे परत तपासणी. दुकानात उद्या संध्याकाळी पोचेल. नशीब चांगलं असेल तर दुपारी."

मी बोटांवर तास मोजले. पाच तास तर गेटवर पोचेपर्यंतच संपत आले होते.

तो माणूस चांगला होता. त्याने पेटीला हात लावला, फडक्याखालून एक कळी बघितली आणि म्हणाला, "ही टिकायची नाही. मॅडम, माझं ऐका, ही परत न्या. उद्या कोवळी कळी तोडा आणि पहाटेच निघा. बुकिंग मी बदलून देतो, त्यात काही नाही."

हे वाक्य मी शंभर वेळा परत ऐकलं आहे. काहीच अवघड नव्हतं. पेटी परत न्यायची, बाबांना सांगायचं, "पाच नाही, छत्तीस तास धरा." त्यांनी मुकी कळी खुडली असती. ती कशी बांधायची हे त्यांना माहीत होतं, नागपूरची गोष्ट ते उगाच सांगत नव्हते. त्यांच्याकडे सगळं होतं. नव्हता तो फक्त आकडा, आणि आकडा सांगणं हे माझं काम होतं.

पण परत जायचं म्हणजे ओट्यावर काका असणार. "काय गं, दुबई परत लांब गेली?" आणि बाबांसमोर उभं राहून म्हणायचं की तुम्ही विचारलंत ते बरोबर होतं.

मी एजंटला म्हणाले, "जाऊ द्या. फडकं ओलं आहे. टिकेल."

तो म्हणाला, "तुमची मर्जी."

घरी बाबांनी विचारलं, "गेली?" मी म्हणाले, "गेली." ते घड्याळ बघून म्हणाले, "म्हणजे आता समुद्रावर असेल." मी पाणी प्यायला आत गेले. पेटी तेव्हा शेडमध्ये होती, पत्र्याखाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मित्राने फोटो पाठवला. कळ्यांचा रंग उकळलेल्या चहासारखा. खाली त्याचा आवाज. "अगं, हे असं कसं पाठवलंस? मालकाने झाकण उघडलं आणि बंद केलं. वास पण गेला गं. मी किती सांगून ठेवलं होतं त्याला." मग दुसरा मेसेज, "सॉरी, तुला बोलायचं नव्हतं." तो रागावला असता तर बरं झालं असतं.

बाबांनी मोबाईल लांब धरून फोटो बघितला. त्यांना जवळचं नीट दिसत नाही. बराच वेळ बघितला.

"किती तास लागले?"

आता तरी सांगायचं होतं. मी म्हणाले, "विमान लेट झालं."

"हां," ते म्हणाले. "विमानाचं काय सांगता येतं."

हेच त्यांनी काकांना सांगितलं, आळीत सांगितलं. "माल चांगला होता, विमान लेट झालं." माझी बाजू घेऊन सांगितलं, मला कोणी काही बोलू नये म्हणून. काका म्हणाले, "बघ, म्हणजे एसटीच निघाली ती!" त्यांना वाडीतलं माझं बोलणं माहीत नव्हतं. आई माझ्याकडे बघत होती. तिला माहीत होतं.

मी मित्राला लिहिलं, एकदा परत बघ ना. या वेळी वेगळी कळी पाठवते. आठ दिवसांनी उत्तर आलं की मालकाने दक्षिणेकडून कोणाकडून तरी माल लावला, आता वर्षभर तरी तो बदलणार नाही. बाबांनी दोन-तीनदा विचारलं, "त्याचा फोन?" मग विचारणं बंद केलं. गणपती आले, गेले. काका शब्दाला पक्के. त्यांनी एक दिवसही आधी विषय काढला नाही, आणि एक दिवसही नंतर नाही.

करारनाम्याच्या दिवशी आम्ही सगळे नोंदणी ऑफिसात गेलो. बाहेर व्हरांड्यात बाकावर बसून नंबरची वाट बघायची होती. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, खिशात चष्मा. काका आत वकिलांबरोबर. बाजूला आई, तिच्या बाजूला काकू. मला वाटलं आता सांगितलं नाही तर मला कधीच सांगता येणार नाही.

मी म्हणाले, "बाबा, विमान लेट नव्हतं झालं."

ते माझ्याकडे वळले नाहीत.

"मी तास चुकीचे सांगितले. नुसत्या उडण्याचे सांगितले. आणि गेटवर तो एजंट म्हणाला होता पेटी परत न्या, उद्या कोवळी कळी पाठवा. मी नाही आणली."

ते व्हरांड्यातल्या पंख्याकडे बघत होते. मग म्हणाले, "मला वाटलं होतं तसं."

"काय वाटलं होतं?"

"पाच तासात होणार नाही असं. फूल तोडतानाच वाटलं."

"मग मुकी कळी का नाही तोडलीत?"

"तू म्हणालीस ना पाच."

"पण तुम्हाला माहीत होतं!"

"मला वाटलं होतं," ते म्हणाले. "माहीत तुला होतं. शिकलेली तू."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडले असते, मला भांडता येतं. बाबा खरंच तसं मानत होते. आयुष्यभराच्या बोटांपेक्षा त्यांनी माझ्या मोबाईलवरच्या आकड्याला मान दिला होता, आणि तो मान देता यावा म्हणूनच त्यांनी मला शिकवलं होतं.

आतून नंबर पुकारला. ते उठले. फोटो, अंगठा, सही. त्यांनी सही नीट केली, मराठीत, पूर्ण नाव. शाई ओली होती, सही पुसली जाऊ नये म्हणून त्यांनी हात उचलून धरला.

झाडं लगेच तोडली नाहीत. नकाशा मंजूर व्हायला पाच महिने गेले. तेवढे दिवस चाफा फुलत होता. आम्हाला खुडायला मनाई नव्हती, पण बाबा गेले नाहीत. फुलं झाडावर तपकिरी होऊन खाली पडायची आणि आळीभर वास यायचा. बायका विचारायच्या, "नेऊ का गं चार देवाला?" आई म्हणायची, "न्या की, सगळी न्या." मग वाडीभोवती पत्रे लागले, आणि एका सकाळी मशीन आलं. दुपारी जेवायच्या आत झाडं आडवी झाली होती. मी कामावर होते. हे आईने सांगितलं.

इमारत उभी राहीपर्यंत बिल्डरने आम्हाला जूचंद्रला फ्लॅट दिला आहे, चौथा मजला. पाणी येतं, लिफ्ट चालते. तक्रार करण्यासारखं काही नाही. बाबा पहाटे उठतात, आंघोळ करतात, आणि मग त्यांना काही काम नसतं. खिडकीशी खुर्ची टाकून बसतात. काकांचा मुलगा आता स्वतःच्या घराची स्वप्नं बघतो आणि मला ताई म्हणून फार मान देतो. मला त्याच्याशी बोलावंसं वाटत नाही, आणि त्यात त्याची चूक नाही.

गेल्या महिन्यात बाबांना डोळ्याच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं, वसईला. अपॉइंटमेंट मी घेतली होती, किती वाजताची ते मला माहीत होतं, रस्ता कुठे खोदलाय हेही माहीत होतं. त्या रस्त्याने मी रोज येते-जाते. रिक्षात आधी मी बसले, मग ते. रिक्षा सुरू झाली तसे ते पुढे वाकले आणि रिक्षावाल्याच्या खांद्याला हात लावून त्यांनी विचारलं, "भाऊ, पोचायला किती वेळ लागेल?"

रिक्षावाला नवीन होता, रस्ता त्याला धड माहीत नव्हता. म्हणाला, "वीस मिनट, चाचा."

पाऊण तास लागणार होता. बाबांनी मान हलवली आणि मागे टेकून बसले. मी बाहेर बघत राहिले.